अमरावती ते चिखलदरा, ग्रुपनं, सायकलवर: घाटाच्या लांब दिवसाचं सगळं नियोजन

अमरावतीहून सायकलनं चिखलदऱ्याला जायचं ठरलं की ग्रुपवर पहिला प्रश्न घाटाचाच येते. घाट किती किलोमीटर, लय खडा आहे का, माझ्या सायकलनं जमेल का. वलगाव ते परतवाडा ह्या सपाट रस्त्याबद्दल कोणीच काही विचारत नाही, आणि खरी गोष्ट अशी की घाटात जे लोक कठड्यावर डोकं धरून बसलेले दिसतात त्यांचं काम घाटानं नाही, त्या सपाट रस्त्यानं केलेलं असते. सकाळची थंड हवा, रस्ता मोठा, पाय ताजे, त्यात एक जण पुढं सुटला की त्याच्या मागं दुसरा, मग तिसरा, आणि परतवाडा येईस्तोवर अर्ध्या लोकांनी घाटासाठी ठेवायचा दम आसेगाव पूर्णाच्या आसपासच खर्चून टाकलेला असते. म्हणून खाली घाटाबद्दल जेवढं लिहिलं आहे तेवढंच घाटाच्या आधीचं पण लिहिलं आहे, ते गाळून वाचू नका.

आकडे पहिले पाहून घेऊ

अमरावती समुद्रसपाटीपासून साधारण ३४० मीटरवर, अचलपूर-परतवाडा ३७० च्या आसपास आणि चिखलदरा १,११८ मीटर. म्हणजे पहिल्या ५० किलोमीटरमधे तुम्ही जवळपास चढतच नाही आणि पुढच्या ३० मधे साडेसातशे मीटर चढता. आता ग्रुपमधला एखादा हुशार माणूस ७५० ला ३० हजारानं भागून सांगते की अडीच टक्क्याचाच तर चढ आहे, काय घाबरता. हिशोब बरोबर आहे, पण कामाचा नाही. परतवाड्यातून धामणगाव गढीकडं निघालं की बराच रस्ता शेतातून, संत्र्याच्या बगिच्यांमधून सरळसाधा जाते, चढ सगळा पुढच्या टप्प्यात गोळा झालेला आहे, आणि त्यातही वळणाच्या आतल्या बाजूनं तो एकदम खडा होते. त्यामुळं सरासरी पाहू नका, फोनवरच्या मॅपमधे उंचीचा आलेख दिसते तो पाहा आणि सगळ्या ग्रुपला दाखवा, म्हणजे कुठून गिअर हलके करायचे ते आधीच डोक्यात बसते.

अजून एक आकडा, कारण खाण्याचा सगळा हिशोब त्याच्यावर आहे. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरले, तर तेवढं वजन साडेसातशे मीटर वर न्यायलाच शरीर साडेसहाशे किलोकॅलरीच्या आसपास जाळते, कारण आपण जे जाळतो त्याचा साधारण पाव भागच पायडलवर उतरते, बाकीची गरमी होते. हे फक्त उंचीचं झालं. वारा, रस्त्याचं घर्षण आणि सकाळचे ५० किलोमीटर ह्याच्यावरून वेगळे.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात चिखलदरा सुंदर दिसते हे मान्य, पण शनिवार-रविवारी गाड्यांची रांग, समोरून येणारी गाडी दिसत नाही एवढं धुकं, ओला रस्ता आणि कडेचं शेवाळ, ह्यात पहिल्यांदा घाट करणारा ग्रुप नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हाळ्याचं तर बोलूच नका, दुपारी पायथ्याशी ४२-४३ डिग्रीत चढ सुरू करणं म्हणजे दवाखान्याची सोय पाहणं. डिसेंबर-जानेवारीत बहिरमची यात्रा असते, तेव्हा परतवाड्यातून बैतूलकडं जाणाऱ्या रस्त्याला गर्दी राहते, आपण त्या बाजूला वळत नाही पण परतवाड्याच्या चौकात तिचा परिणाम जाणवते, म्हणून त्या दिवसांत शक्यतो मधल्या वारी निघा.

हिवाळ्याची अडचण एकच, दिवस लहान. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडं सूर्य साधारण पावणेसातच्या आधी निघते आणि पावणेसहाच्या आत मावळते. घाटातला शेवटचा माणूस चार वाजता वर असला पाहिजे ही वेळ आधी ठरवा आणि तिथून उलटं मोजत मोजत सकाळवर या. हा मेळघाट आहे बाप्पा, १९७३-७४ मधे देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला हा एक, आणि वाघापेक्षा जास्त काळजी अस्वलाची करावी, अंधार पडताना ते चरायला निघते. अंधारात घाटात सायकल नको म्हणजे नको.

ग्रुप कसा बांधायचा

आठ ते बारा जण ठीक. त्याच्यापेक्षा जास्त झाले तर दोन ग्रुप करा आणि दोघांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, कारण वीस जण एका चहाच्या टपरीवर थांबले की फक्त चहालाच पाऊण तास जाते.

जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सगळ्यांना घेऊन पोहऱ्याच्या जंगलातून चांदूर रेल्वेकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक सकाळ काढा. तिथले चढ चिखलदऱ्याच्या मानानं किरकोळ आहेत, पण कोण कसं चालवते ते कळते. कोण चढावर उभा राहून सायकल हलवते, कोणाची चेन करकर करते, कोण पाणी पीतच नाही, कोणाला आपण मागं राहिलो हे सांगायची लाज वाटते. हा शेवटचा माणूस नीट लक्षात ठेवा. तो घाटात काही न बोलता एकदम बसून घेते.

जबाबदाऱ्या तिघांच्या. पुढं चालणाऱ्याचं काम वेग धरून ठेवणं, आणि तो ग्रुपमधला सगळ्यात तगडा माणूस नसावा, सगळ्यात शांत माणूस असावा. सगळ्यात शेवटी चालणारा मात्र तगडाच पाहिजे, पंक्चर काढता येणारा, ज्याला वर लवकर पोहोचायची घाई नाही असा, आणि तो कोणत्याही कारणानं कोणाच्याही पुढं जाणार नाही, त्याच्या मागं कोणीच नाही ही खात्री म्हणजेच तुमचा सगळा ग्रुप. तिसरा हिशोबाचा माणूस, म्हणजे गाडीवाल्याशी बोलणं, राहायचं बुकिंग, पैसे, आणि प्रत्येकाच्या घरचा एक नंबर व रक्तगट कागदावर लिहिलेला. कागदावरच, कारण घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते आणि फोनची बॅटरीही थंडीत लवकर उतरते. १०८ आणि ११२ हे दोन नंबर सगळ्यांना माहीत असतात, पण लावायला रेंज लागते, म्हणून रेंज शेवटची कुठं होती हे शेवटच्या माणसानं पाहत पाहत जावं. ग्रामीण रुग्णालय चिखलदऱ्याला आहे, मोठं काही झालं तर खाली अचलपूरला किंवा अमरावतीलाच यावं लागते.

बाकी नियम दोनच, पण ते मोडणाऱ्याला पुढच्या वेळी आणू नका. रस्ता फुटला की तिथं थांबायचं आणि मागचा माणूस डोळ्यानं दिसेपर्यंत हलायचं नाही. आणि घाटात एकामागं एक, कोणी कोणाच्या बाजूला चालवत गप्पा मारणार नाही.

सोबत गाडी ठेवायची का? ठेवा. एखादा छोटा हत्ती किंवा पिकअप, मागं दोर आणि जुन्या गोधड्या. पण गाडी ग्रुपच्या मागं मागं रांगत आणू नका, त्यानं घाटात सगळ्या वाहनांची पंचाईत होते. तिला पुढच्या थांब्यावर जाऊन उभी राहू द्या. गाडी नजरेसमोर असली की लोक लवकर चढून बसतात हा पण भाग आहेच.

सायकल

महागडी सायकल लागत नाही, हलका गिअर लागते. पुढं २८ दात आणि मागं ३४ असलेली साधी हायब्रिड असेल तर मिनिटाला साठ फेऱ्यांनी पायडल फिरवलं की ताशी सव्वासहाच्या आसपास वेग निघते, आणि तेवढा वेग घाटाला भरपूर झाला. पुढं ३४ मागं ३४ असेल तर त्याच फेऱ्यांत साडेसात. रोड बाइकवाले पुढं ३९ आणि मागं २५ घेऊन येतात आणि खड्या वळणावर पायडल अडकल्यासारखं होते, त्यांनी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या दात्यांच्या चकत्यांचा संच, आधीच बदलून घ्यावी. गिअर नसलेली सायकल असेल तर सपाट भाग सोबत करा आणि घाट पायी ढकलत चढा, त्यात कमीपणा काही नाही. १८०३ च्या डिसेंबरात चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला घ्यायला निघालेल्या इंग्रज फौजेनं एलिचपुराकडून, म्हणजे आपल्या अचलपुराकडून, ह्याच डोंगरांतून तोफा हातानं ओढत वर नेल्या होत्या, आपल्याला तर सायकलच ढकलायची आहे.

निघायच्या चार दिवस आधी मेकॅनिककडं न्या, आदल्या रात्री नको. ब्रेकचे पॅड, गिअरच्या केबल, चेन आणि मागच्या चाकाचे स्पोक एवढं पाहायला सांगा. हलका गिअर लावून चढावर जोर दिला की चेन उडी मारते का ते स्वतः चालवून पाहा, स्टँडवर फिरवून ते कळत नाही.

हवा फार ठासून भरू नका. २८ मिलिमीटरच्या टायरला ७५-८० पीएसआय, ३२ ला साठ-पासष्ट, ३८-४० च्या जाड टायरला ४५-५० पुरते. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा.

आता पंक्चर, कारण वऱ्हाडातल्या रस्त्यावर हे होणारच. बाभळीचा काटा तर आहेच, शिवाय हिवाळ्यात कापसाची पऱ्हाटी आणि तुरीच्या तुऱ्हाट्या बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून वाहून नेतात आणि त्याचे तुकडे रस्त्याच्या कडेला पडलेले असतात, नेमके जिथून आपण सायकल चालवतो तिथं. म्हणून कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर जाऊ नका. पंक्चर झालं की लोक घाईघाईनं ट्यूब बदलतात आणि पाच मिनिटात परत चाक बसते. होते असं की काट्याचं टोक टायरमधेच मोडून राहिलेलं असते. ट्यूब काढल्यावर तिच्यात थोडी हवा भरा, छेद कुठं आहे ते शोधा, आणि ट्यूब टायरवर जशी बसली होती तशी धरून टायरचा तोच भाग पाहा. मग आतून बोट सरळ न घासता सुती रुमाल फिरवा, रुमाल जिथं अडकते तिथं काटा. बाहेरून तो दिसतही नाही, दोन-तीन मिलिमीटरचं काळं टोक असते, नखानं निघत नाही, त्याच्यासाठी छोटा चिमटा किटमधे ठेवा. नसेल तर टायर बाहेरून दाबून आत टोक वर आणायचं आणि दातानं नाही, पक्कडीनं ओढायचं.

प्रत्येकाजवळ आपल्या मापाच्या दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि ग्रुपमधे मिळून दोन पंप, पंक्चरचं सामान, चेन तोडायचं टूल, चेनचं जोडकं, दोन-चार ॲलन की, एक ब्रेकची केबल. बारीक तोंडाचा प्रेस्टा वॉल्व असेल तर त्याच्यावर बसणारं पितळी अडॅप्टर जरूर घ्या, दहा-वीस रुपयाची गोष्ट आहे. परतवाड्यात काय आणि खेड्यात काय, टायरवाल्याजवळ मोटरसायकलच्या तोंडाचंच नळकं असते, आणि तुमचा वॉल्व पाहून तो "हे काय आणलं भाऊ" म्हणून पाहत राहते.

खाणं आणि पाणी

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, तहान लागो न लागो. थंडीत घाम दिसत नाही म्हणून लोक पीत नाहीत आणि घाटात पोटऱ्यांना वांब येतात. दोन बाटल्या लावा, एकात साधं पाणी, एकात ओआरएस, पाकीट पूर्ण एक लिटरचं असते म्हणून लिटरच्याच बाटलीत टाका, पाऊण लिटरमधे अंदाजानं टाकू नका.

खायचं दर पाऊण तासाला, थोडं थोडं. केळं, शेंगदाण्याची चिक्की, गूळ-फुटाणे, खजूर. एका केळ्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात आणि चढावर तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतात, म्हणजे तासाला दीड-दोन केळी किंवा तेवढ्याची चिक्की असा सरळ हिशोब. संत्री रस्त्यात मिळतात, खाऊ वाटतातच, पण रिकाम्या पोटी तीन-चार संत्री खाऊन चढाला लागू नका, आंबट पाणी वर येते.

आता नाश्ता. परतवाड्यात ग्रुप पोहोचला की सगळ्यांना तर्रीवाले पोहे, आलूबोंडा, कचोरी दिसते. पोहे खा, तर्री बाजूला ठेवा. तळलेलं आणि तिखट पोटात घेऊन दोन-अडीच तास चढायचं म्हणजे पोटातलं तेल पूर्ण घाटभर सोबत येते. घरून पोळीची गुंडाळी, तूप-गूळ लावून, दोन-दोन प्रत्येकाला आणा, त्याच्यासारखं काही नाही. कचोरी चिखलदऱ्यावरून खाली आल्यावर खा, तेव्हा तुम्हाला कोणी अडवणार नाही.

सकाळ: अमरावती ते परतवाडा

सहाच्या ठोक्याला निघा, लाइट लावून, मागचा लाल लाइट पाहिजेच, अंगावर चमकणारी पट्टी. साडेपाचला जमा व्हा असं सांगा म्हणजे सहाला निघणं होते, आपले लोक आपल्याला माहीत आहेत. वलगाव येईस्तोवर उजेड पडायला लागते. तिथं पेढी नदी, गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ ला इथंच वलगावजवळ देह ठेवला, ग्रुपमधे कोणी बाहेरगावचं असेल तर पाच मिनिटं थांबून सांगावं, तेवढ्यात मागचेही येऊन मिळतात.

वेग अठरा-वीस. बस. पुढच्या माणसानं घड्याळात पाहून तेवढाच ठेवायचा, वारा पाठीमागून असला तरी. सोपी कसोटी म्हणजे सायकल चालवताना पूर्ण वाक्य एका श्वासात बोलता आलं पाहिजे, अर्ध्यात श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. समोरून वारा असेल तर एकामागं एक, चाकात एक-दीड मीटर ठेवून चाला, पुढच्यानं दर पाच-सात मिनिटांनी बाजूला होऊन मागं जावं. नव्या माणसाला मात्र अगदी चिकटून चालवू देऊ नका, आपलं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाला घासलं की पडते तो मागचाच. खड्डा आला की हातानं दाखवा आणि मोठ्यानं ओरडा, लाजू नका.

आसेगाव पूर्णाला पूर्णा नदी ओलांडून एक चहाचा थांबा, दहा मिनिटं, पाणी भरा. साडेनऊपर्यंत परतवाडा. हे तीन-साडेतीन तासांत झालं नाही तर घाबरू नका, पण अकरानंतर परतवाड्यातून निघायची वेळ आली तर मागच्या दोन-तीन जणांना सरळ गाडीत पायथ्यापर्यंत न्या, म्हणजे घाट सगळ्यांचा होते.

परतवाड्यात चाळीस मिनिटांच्या वर थांबू नका, अंग थंड पडते. पाणी भरून घ्या, स्वेटर गाडीत टाका, टोपी-बफ पण, आणि निघताना सगळ्यांची हजेरी घ्या. ब्रेक दाबून पाहा, मागची बॅग हलते का पाहा.

घाट

धामणगाव गढीच्या पुढं डोंगर अंगावर यायला लागला की पहिलं काम, चढ लागायच्या आधीच हलक्या गिअरवर या. लोक अभिमानानं जड गिअर ओढत राहतात आणि मग खड्या जागी जोर देऊन बदलायला जातात, तेव्हाच चेन पडते किंवा तुटते. गिअर बदलताना पायावरचा जोर अर्धा सेकंद कमी करायचा, एवढंच.

पहिला किलोमीटर जाणूनबुजून हळू. सुरुवातीच्या उत्साहात जेवढं हळू जावंसं वाटते त्याच्यापेक्षाही हळू. पायडल गोल फिरलं पाहिजे, मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या, गुडघ्यात ताण जाणवला तर गिअर अजून हलका. खांदे सैल, हँडल हलक्या हातानं, बसूनच चढा. उभं राहून पायडल मारणं म्हणजे जास्त ऑक्सिजन खर्च करणं, पण वीस-तीस फेऱ्या अधूनमधून उभं राहिलं की कंबर आणि बूड मोकळं होते, तेवढ्यापुरतं उभं राहा. उभं राहताना सायकल जराशी मागं येते, मागच्याला धक्का बसू शकते, म्हणून त्याला आवाज द्या.

वळणं डावीकडची असतील तर आतल्या बाजूनं रस्ता सगळ्यात खडा असते. गाडी मागून येत नसेल तर थोडं बाहेरून घ्या, तिथं चढ सौम्य असते, अंतर दोन हात वाढते पण पाय वाचतात. गाडी येत असेल तर डावीकडेच राहा, खडा असला तरी. उजव्या वळणावर मात्र कधीच मधात जायचं नाही, समोरून येणारी बस तुम्हाला पाहू शकत नाही. घाटात हॉर्न वाजवणाऱ्या ड्रायव्हरवर चिडू नका, तो आपलं काम करून राहिला, न वाजवणारा जास्त धोक्याचा.

थांबायचं तर सरळ, रुंद जागी, वळणावर कधीच नाही. दर तीस-चाळीस मिनिटांनी दोन मिनिटं, पाय खाली टेकवून, बसायचं नाही. एकदा बसलं की उठताना पाय दुसऱ्याचे वाटतात.

आणि रस्त्यात भेटणाऱ्या कोणालाही अंतर विचारू नका. हे मी गंमत म्हणून नाही सांगत. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चाललेल्या काकाजींना विचारा,

"काकाजी, घाट किती राह्यला?"

"हे काय बापा, दोन वळणं. मंग मोथाच हाये."

मोथा म्हणजे चिखलदऱ्याच्या थोडं आधीचं गाव. त्या माणसाच्या रोजच्या चालण्याला ती दोनच वळणं असतात, तुमच्या पायाला ती सात-आठ निघतात आणि प्रत्येक वळणाला मन खचते. फोनवर आधीच उतरवून ठेवलेला मॅप पाहा, उंचीचा आकडा पाहा, तो खोटं बोलत नाही. सहाशे झालं, सातशे झालं, नऊशे झालं की मोथा जवळ आलं समजा.

मधात कोणाच्या तरी पोटरीला वांब येईलच. सायकलवरून उतरवा, पाय सरळ करून पंजा अंगाकडं ओढा, वीस-तीस सेकंद धरून ठेवा, मग सोडा, परत. चोळत बसू नका. ओआरएसचं पाणी घोट घोट द्या आणि शंभर-दोनशे मीटर पायी चालवा, पायी चालणं हाच सगळ्यात चांगला उपाय आहे. चक्कर, थरथर, थंड घाम, बोलणं तुटक असं काही दिसलं तर आधी गोड काही खायला घाला, सावलीत बसवा. ऊन असेल, अंग तापलेलं असेल आणि माणूस उलट-सुलट बोलायला लागला तर मात्र तो थकवा नाही, अंगावर आणि मानेवर पाणी ओता, वारा घाला, गाडी बोलवा आणि सरळ दवाखाना. छातीत दुखलं तर "थोडं बसतो मग चढतो" असं म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका.

शेवटच्या माणसाचं काम इथं खरं असते. मागं राहिलेल्याला "चल चल, झालंच" म्हणत राहणं म्हणजे मदत नाही, त्यानं तो जास्त घाबरते. त्याच्या थोडं मागं, बाजूला नाही, शांतपणे चालवा, खायची-प्यायची आठवण द्या, आणि त्यानं उतरून ढकलायचं म्हटलं की तुम्हीही उतरून ढकला. पुढचे लोक वर पोहोचल्यावर फोन करतात "कुठं आहेत, किती वेळ", त्यांना एकदाच सांगा आणि मग फोन ठेवा.

वानरं थांब्याच्या जागांवर टोळीनं बसलेली असतात. केळं हातात घेऊन खाल्लं तर ते तुमचं राहणार नाही, हँडलच्या बॅगची चेन लावून ठेवा. त्यांना खायला देऊ नका, रस्त्यावर येऊन गाडीखाली मरतात ती त्याच्यामुळंच. जंगलाच्या आतल्या कच्च्या वाटांवर, कितीही मोह झाला तरी सायकल घालायची नाही, फॉरेस्टचा नाका असेल तिथं थांबून विचारून पुढं जा. चिक्कीचं प्लास्टिक खिशात.

मोथ्याला मात्र थांबा, वीस मिनिटं पण चालतील. गवळी लोकांचं गाव, म्हशीच्या दुधाचा खवा आणि रबडी, आणि थंडीत स्ट्रॉबेरीची पाटी घेऊन बसलेली मंडळी. रबडी एकानं एक द्रोण घ्यावा, दोन नाही, अजून थोडा चढ आहे. भावावरून घासाघीस करू नका, वर त्याच रबडीला जास्त पैसे देता.

वर पोहोचल्यावर

थंडी इथं फसवते. उंची साडेसातशे मीटरनं वाढली की हवा साधारण पाच डिग्रीनं थंड होते, अंग घामानं ओलं, आणि सगळे फोटो काढत उभे. पहिले गाडीतून कोरडी बनियन आणि जाड काहीतरी काढा, घाला, मग फोटो. जवळ काही नसेल तर छातीवर जर्सीच्या आत पेपर सारून घ्या, जुना उपाय आहे, वारा अडते.

जेवण अर्ध्या-पाऊण तासात. झुणका-भाकर, वांग्याचं भरीत, गरम भात, दही, जे मिळेल ते, पण मिळून जेवा आणि शेवटचा माणूस आल्याशिवाय सुरू करू नका. सीझनमधे शनिवारी खोल्या आयत्या वेळी मिळत नाहीत, सायकली आत ठेवायला जागा आहे का हे बुकिंग करतानाच विचारा. संध्याकाळी पंचबोल पॉइंटपर्यंत हळू हळू पायी चाला, पाय मोकळे होतात. वेळ आणि दम असेल तर गाविलगड दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या दिवशी कोणी म्हटलं तरी नको.

झोपायच्या आधी सायकलकडं जाऊन दोन गोष्टी पाहा. टायरवर हात फिरवून काटा-काच आहे का, आणि ब्रेकचे पॅड किती राहिले. रिमवर घासणाऱ्या पॅडच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर तिथंच बदला, डिस्कच्या पॅडचं घासणारं मटेरियल मिलिमीटरभर राहिलं असेल तरी बदला.

उतरताना

उतरायला दोन रस्ते. आल्या वाटेनं धामणगाव गढीकडं, नाहीतर घटांगवरून. घटांगचा रस्ता पुढं परतवाडा-धारणी रस्त्याला मिळते, त्याच्यावर इंदूर-बऱ्हाणपूरकडच्या बसा आणि ट्रक असतात, वळणं अरुंद. नवा ग्रुप असेल तर आल्या वाटेनंच उतरा.

सकाळी धुकं गेल्यावर, आठच्या नंतर निघा, दव असलं तर वळणावर रस्ता ओला असते. दोन सायकलींत तीस-चाळीस मीटर, आणि कोणी कोणाला ओव्हरटेक करणार नाही. ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते, डिस्कचा ब्रेक पण लांब उतारावर सुस्त पडते. जोरात दाबा, वेग कमी करा, सोडा, रिम थंड होऊ द्या, परत दाबा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक वापरा पण वळणात असाल तर पुढचा जोरात नको. वळण डावीकडं असेल तर उजवं पायडल खाली, वजन त्याच्यावर, नजर वळणाच्या पलीकडच्या टोकावर, चाकापुढच्या खड्ड्यावर नाही. रस्त्यात सांडलेली रेती, म्हशीचं शेण, झाडाची ओली पानं, ह्याच्यावर ब्रेक लागला की चाक घसरते, तिथून सरळ आणि मोकळं जाऊ द्या. हात सुन्न पडायला लागले तर उतरून दोन मिनिटं थांबा, बोटं उघडझाप करा, रिमला हात लावून पाहा, बोट टिकत नसेल इतकी गरम असेल तर थंड होईपर्यंत निघू नका.

पायथ्याशी सगळे जमले की हजेरी घ्या, मगच कोणी पुढं निघायचं. उरलेले पन्नास किलोमीटर परतीला उन्हाचे असतात, मांडीवरचे स्नायू आदल्या दिवसाचे दुखत असतात, ज्याला नको वाटते त्याची सायकल परतवाड्यातूनच छोटा हत्तीवर चढवा. मागच्या चाकाखाली गोधडी टाका, डिरेलर, म्हणजे मागच्या चाकाजवळचा गिअर बदलणारा भाग, गाडीच्या फळीला घासू देऊ नका, आणि दोर हँडलला नाही, फ्रेमला बांधा.